पंचांचा घोडा

"अता, हा घोडा आत्ताच्या आत्ता घरी न्या," कलदिबेक म्हणाला. त्याच्या हातात लगाम होता, लगामाच्या दुसऱ्या टोकाला घोडा होता, आणि घोड्याचं तोंड कलदिबेकच्या कोटाच्या खिशात होतं.

"कुणाचा घोडा?" ओरिनबासार-अतांनी, म्हणजे आमच्या ओरिनबासार आजोबांनी, विचारलं.

"कुणाचा म्हणजे? तुमचा!"

"माझा सकाळपर्यंत होता. आता पाहुण्यांचा आहे. त्यांना विचार." असं म्हणून अता काठी टेकत स्टेडियमच्या फाटकाकडे निघाले. ऐंशी ओलांडलेला माणूस, बाजारालासुद्धा कधी पायी गेला नव्हता, तो भर उन्हात चालत घरी निघाला. कलदिबेकला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

तसं हंगाम सुरू झाल्यापासून त्याला रोजच रडू येत होतं. कलदिबेक हा आमच्या अकतुमा शहराच्या कोकजाल फुटबॉल क्लबाचा व्यवस्थापक. तिकिटं, बस, जेवणं, दंड, माफीनामे, सगळं त्याच्याच गळ्यात. आमचा क्लब कसा आहे हे परक्याला सांगायचं म्हणजे जीभ जड होते. गेल्या वर्षी आम्ही देशाचा चषक जिंकलो. कसा जिंकलो ते अल्लाला ठाऊक, पण त्या जोरावर यंदा थेट युरोपच्या स्पर्धेत नाव लागलं. आणि यंदाच्या देशातल्या लीगमध्ये? तळाला. तळाच्या खाली आणखी काही असतं तर तिथे. घरी हरलो, दारी हरलो, एकदा तर समोरच्यांचे दोन गडी पंचांनी बाहेर काढले तरी हरलो. युरोपातला पहिला सामना उत्तरेकडच्या कुठल्याशा बेटावर झाला. तिथे एकच गोल झाला, आणि तोही आमच्याच बचावपटूने आमच्याच जाळ्यात मारला. आमचे अकीम, म्हणजे शहराचे सर्वेसर्वा, ज्यांच्या सहीवर क्लब जगतो, त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "आपल्या मैदानावरचा परतीचा सामना जिंकून पुढच्या फेरीत जा. नाहीतर हिवाळ्याआधी क्लबाला टाळं."

म्हणजे उद्याच्या एका सामन्यावर अख्खा क्लब टांगलेला होता. कलदिबेक केस काळे असताना या क्लबात लागला होता, आता डोक्यावर केसच नव्हते. क्लब गेला तर दुसरं काय करायचं, हे त्याला माहीतच नव्हतं.

आणि अशा वेळी हा घोडा! झालं होतं ते एवढंच. सामन्याचे पंच त्या सकाळी मैदान बघायला आले. अबिल्यो तावारेस, पोर्तुगालचे. स्वभावाने इतके गोड, की नजर जाईल त्याचं कौतुक. विमानतळ छान, पाव छान, कलदिबेकचा टायसुद्धा छान. आता, यजमानांनी पंचांना काय द्यावं याबद्दल युरोपची संघटना फार कडक. क्लबाचा बिल्ला द्या, फार तर झेंडी द्या. त्याहून जास्त दिलंत तर ती लाच, आणि लाच म्हणजे क्लब कायमचा बाद. कलदिबेकने हे सगळ्या शहराला पढवलं होतं. पंचांपुढे पाहुण्यांच्या मानाचं मेंढ्याचं डोकं ठेवायचं नाही, असं खानावळीच्या बाईलासुद्धा बजावलं होतं. अतांना तेवढं सांगायचं राहिलं. अता दर सामन्याआधी घोड्यावरून मैदानाला एक फेरी मारतात, बाकी क्लबाच्या कारभारात त्यांचं काही नसतं. त्यांच्याकडून घात होईल असं कुणाला वाटणार?

अबिल्योंनी घोड्याच्या कपाळावरचा पांढरा पट्टा कुरवाळला आणि म्हणाले, "काय सुंदर घोडा आहे हो!"

"बातिमा-अपाय, सांगू नका!" कलदिबेक ओरडला. पण आमच्या दुभाषी बातिमा-अपाय, म्हणजे बातिमाबाई, शाळेत इंग्रजी शिकवतात, आणि भाषांतरात एक शब्द जरी गाळला तरी त्यांना जेवण जात नाही. त्यांनी सांगून टाकलं.

पाहुण्याची नजर एखाद्या वस्तूवर बसली की ती वस्तू आपली राहत नाही, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही कळतं. अतांनी घोड्याच्या मानेवरून एकदा हात फिरवला, जरा जास्तच वेळ फिरवला, आणि लगाम अबिल्योंच्या हातात दिला. अबिल्योंना वाटलं, फोटो काढायचाय. त्यांनी फोटो काढला. त्यांच्या बरोबरच्या तिन्ही पंचांनीही काढले. मग छातीवर हात ठेवून आभार मानले, लगाम कलदिबेककडे दिला आणि मंडळी गाडीत बसून हॉटेलवर गेली.

कलदिबेकने घोड्यासकट अतांना फाटकात गाठलं. "अता, ऐका हो! याला लाच म्हणतात!"

अता गर्रकन वळले. "काय म्हणालास? पाहुण्याला मी दिलेल्याला लाच? मग तुझ्या लग्नात तुझ्या बापाने व्याह्यांना घोडा दिला, ती काय होती?"

"तो मान होता."

"आणि हा?"

"अहो, माझे सासरे दुसऱ्या दिवशी आपल्या सामन्यात शिट्टी फुंकणार नव्हते!"

"शिट्टी फुंकू दे नाहीतर दोंब्रा वाजवू दे. दिलेलं परत घेऊ? थुंकलेलं चाटू? या वयात?"

कलदिबेकने बायकोला फोन लावला. "कुन्सुलू, एका रात्रीपुरता एक घोडा..."

"चौथ्या मजल्यावर?" कुन्सुलू म्हणाली. "क्लबाचे मोजे धुवायला घरी आणलेस, मी काही बोलले नाही. तो गोलकीपर महिनाभर आपल्या सोफ्यावर झोपला, मी काही बोलले नाही. आता घोडा?" आणि तिने फोन ठेवला.

शेवटी त्याने घोडा स्टेडियममधल्या चेंडू ठेवायच्या खोलीत कोंडला, दाराला फळी लावली आणि घरी गेला.

इथे मैदानातल्या गवताबद्दल सांगायला हवं. युरोपच्या नियमांसाठी अकीमसाहेबांनी ते खास परदेशातून आणवलं होतं. त्यावर कुणी पाय ठेवलेला त्यांना खपत नसे. खेळाडूंनी तर मुळीच नाही. आमचा संघ हंगामभर शाळेमागच्या खडीवर सराव करत होता, आणि तळाला होता याचं तेही एक कारण. शहरात कुठेच नव्हतं असं ते लुसलुशीत गवत, आणि मध्ये फक्त एक फळी. घोड्याने फळी तोडली यात त्याचा दोष नाही.

सकाळी सामन्याच्या निरीक्षक गेरलिंडे बाई मैदान तपासायला आल्या. ऑस्ट्रियाच्या, उंच, आणि हसणं म्हणजे काय ते न शिकलेल्या. अबिल्यो त्यांच्या बरोबर होते. आपला घोडा कुठे मुक्कामाला आहे ते बघायला अताही येऊन पहिल्या रांगेत बसले होते.

"गोलसमोर हे काय झालंय?" बाईंनी विचारलं. बातिमा-अपायनी भाषांतर केलं.

"गवत आहे ते," कलदिबेक म्हणाला.

"गवत दिसत नाही, म्हणूनच विचारतेय."

गवत दिसत नव्हतं, खुरांचे खड्डे मात्र दिसत होते. आणि पेनल्टीच्या ठिपक्यावर उभा राहून घोडा शांतपणे चावत होता.

"घोडा क्लबाचा आहे का?" बाईंनी विचारलं. हो म्हणावं तर यजमानांच्याच जनावराने मैदान नासवलं, सामना बेटवाल्यांना बहाल. कलदिबेक म्हणाला, "नाही."

"मग कुणाचा?"

"यांचा!" अतांनी पहिल्या रांगेतून काठी थेट अबिल्योंवर रोखली. "काल दिला मी. सगळ्यांसमोर दिला. विचारा त्यांना."

बातिमा-अपायनी शब्द न शब्द भाषांतर केलं. अबिल्यो पांढरेफटक पडले. "माझा?" ते म्हणाले. "हा घोडा माझा?"

गेरलिंडे बाईंनी सगळं ऐकून घेतलं. पंच बदलावा म्हटलं तर दुसरा आणायचा कुठून? चौघांनीही घोड्याबरोबर फोटो काढलेले. "सामना होईल," त्या म्हणाल्या. "खड्ड्यांत वाळू भरा. पण पंचांचा कौल विनाकारण एकदा जरी तुमच्याकडे झुकलेला दिसला, तर तुमचा क्लब युरोपात परत दिसणार नाही. मी डोळ्यांत तेल घालून बघणार आहे."

कलदिबेक तिथेच बाकावर बसला. हरलो तर अकीम टाळं लावणार. जिंकलो आणि पंचांनी चुकून जरी मदत केली, तर युरोप टाळं लावणार. आता जिंकायचंही होतं आणि पंचांची जराही मदत न होता जिंकायचं होतं. समोरचे दोन गडी पंचांनी बाहेर काढले तरी ज्यांना जिंकता आलं नव्हतं त्यांनी!

सामना सुरू झाला आणि चमत्कार झाला. आमचा एक गोल झाला. कॉर्नरवरून चेंडू आला, कुणाच्या तरी पाठीला लागला आणि आत गेला. कुणाची पाठ ते अजून ठरलेलं नाही, दोघांनी दावा सांगितला आहे. दोन्ही सामने मिळून बरोबरी झाली. आणखी थोडा वेळ असाच गेला असता तर जादा वेळेचा खेळ झाला असता, आणि स्वच्छ मार्गाने हरता तरी आलं असतं.

पण अगदी शेवटी आमचा येरासिल चेंडू घेऊन गोलसमोर घुसला. बेटवाल्यांचा एक धिप्पाड गडी त्याला अडवायला धावला, त्याचा पाय खुराच्या खड्ड्यातल्या वाळूत रुतला आणि तो दरड कोसळावी तसा येरासिलवर कोसळला. अबिल्योंनी शिट्टी फुंकली. पेनल्टी! आंधळ्यानेही दिली असती अशी पेनल्टी.

स्टेडियम नाचायला लागलं. अता उठून गरजले, "बघितलंत? पाहुणा खाल्ल्या मिठाला जागला!" आणि शेजारी बसलेल्या बातिमा-अपायनी ते गेरलिंडे बाईंना भाषांतर करून सांगितलं.

कलदिबेक कुंपण ओलांडून मैदानात धावत सुटला. त्याला येत होतं तेवढं सगळं इंग्रजी त्याने वापरलं. "नो! नो पेनल्टी! नो, थँक्यू!" अबिल्योंनी बिचाऱ्यांनी त्याला लाल कार्ड दाखवलं. पोलिसांनी त्याला दंडाला धरून ओढत नेलं, तेव्हा तो येरासिलकडे बघून ओरडत होता, "बाहेर मार! माझ्या राजा, आकाशात मार! काहीही कर, पण आत मारू नकोस!"

येरासिल गुणी पोरगा. मोठ्यांचं ऐकतो. त्याने डोळे मिटून आकाशात मारायचा मनापासून प्रयत्न केला. पण हंगामभर त्याने जिथे मारायचं ठरवलं तिथे चेंडू एकदाही गेला नव्हता. तो त्या दिवशीच कसा जाणार? चेंडू जमिनीसरसा सरपटत गेला आणि कोपऱ्यातून आत शिरला.

आम्ही जिंकलो. अकीमसाहेबांनी टोपी हवेत उडवली. आणि खाली, कपडे बदलायच्या खोलीच्या दारात, कलदिबेक भिंतीला टेकून ढसाढसा रडत होता.

गेरलिंडे बाई आल्या. "रडू नका," त्या म्हणाल्या. "लाच देणारा माणूस पेनल्टी परत करायला मैदानात धावत नाही. बाहेर मार म्हणून तर मुळीच ओरडत नाही. ते मला या बाईंनी सांगितलं. लाचेचा आरोप मी करणार नाही."

कलदिबेकने बातिमा-अपायच्या हाताचं चुंबन घेतलं.

"पण मैदानात घुसलात," बाई पुढे म्हणाल्या, "आणि आपल्याच खेळाडूला चुकवायला सांगितलंत. त्यामुळे या हंगामात युरोपच्या एकाही सामन्याला तुम्हाला स्टेडियममध्ये पाऊल टाकता येणार नाही."

घोड्याचा निकाल अबिल्योंनीच लावला. बातिमा-अपायनी त्यांना आमची रीत समजावून सांगितली होती. ते अतांपुढे वाकून उभे राहिले आणि म्हणाले, "पंचाला घोडा घेता येत नाही. पण मी पाहुणा म्हणून एक मागणं मागतो. हा घोडा तुमच्याकडेच राहू दे, आणि तुम्हीच त्यावर बसा." पाहुण्याचं मागणं मोडायचं नसतं. अतांनी तोंड घोड्याच्या मानेत खुपसलं आणि बराच वेळ वर काढलं नाही.

पुढच्या फेरीत आमची गाठ जर्मनीतल्या एका बड्या क्लबाशी पडली. असा संघ अकतुमात कधी आला नव्हता आणि पुन्हा येणार नाही. कलदिबेकने त्यांची हॉटेलं बघितली, बस बघितली, गवत पेरून घेतलं, शेवटचं तिकीटही स्वतःच्या हाताने विकलं. आणि सामन्याच्या दिवशी सगळं शहर आत गेल्यावर तो बाहेर, भिंतीपाशी, एका उलट्या पेटीवर बसला. फाटकावर तुरार नावाचा पोलीस होता. त्याच्या कानात रेडिओ होता.

आतून आवाज येत नव्हता. स्टेडियम भरलेलं आणि आवाज नाही, म्हणजे काय चाललं असेल ते कलदिबेकला न सांगता कळत होतं. मधूनच हजारो लोक एकदम उसासा टाकत. मग पुन्हा शांतता. त्याने तुरारला विचारलं नाही. तुरारनेही सांगितलं नाही, उलट जरा पलीकडे तोंड करून उभा राहिला.

आणि मग अचानक भिंत हादरली. अशी आरोळी या शहरात चषक जिंकला तेव्हाही उठली नव्हती. कलदिबेक पेटीवरून उडाला आणि त्याने तुरारला मिठी मारली. "गोल! झाला ना रे? आपला गोल झाला ना?"

"गोल नाही, कलदिबेकसाहेब," तुरार मिठीतून मान सोडवत म्हणाला. "त्यांना पेनल्टी मिळाली होती. आपल्या गोलकीपरने अडवली."

"किती झालेत?"

तुरार जमिनीकडे बघत राहिला. "सहा. हा सातवा होता."

आत अजून आरडाओरडा चालू होता, लोक गोलकीपरच्या नावाने घसा फोडत होते.

"म्हणजे सातवा अडवला?" कलदिबेकने विचारलं.

"अडवला! एका हाताने!"

"आपल्या त्या सोफ्यावरच्या गाढवाने?" कलदिबेक म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हात वर करून, आतल्या सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडायला लागला. तुरारने आजूबाजूला बघून घेतलं. बंदी फक्त आत जाण्यावर होती, म्हणून तोही ओरडला.