फक्कीमामांची दोरी

ऐका, जरा टेकून बसा. आज अशी गोष्ट सांगतो, की संपल्यावर तुम्ही स्वतःच्या पायांकडं बघाल आणि म्हणाल, हे काय नुसते चपला अडकवायला दिले होते का?

आपला बायकांचा फुटबॉल क्लब माहितीय ना, पगारी खेळाडूंचा? त्याचं मैदान सांभाळतात ते फक्कीमामा. मैदानावर चुन्याच्या पांढऱ्या रेषा मारतात ना, ती फक्की. बावीस वर्षं मामांनी ती मारली, म्हणून हे नाव. खरं नाव पगाराच्या कागदावर असायचं. पण तीन महिने पगारच नाही, त्यामुळं ते नाव आता मामांनाही आठवून सांगावं लागतं.

क्लबची दशा काय सांगू! जुना मालक हात झटकून निघून गेला. बस विकली. बाहेरगावच्या सामन्याला पोरी एकमेकींच्या मांडीवर बसून जायच्या. गोलकीपर पहाटे बेकरीत पाव भाजायची, कॅप्टन सकाळभर टपाल वाटायची, आणि चारच्या ठोक्याला दोघी सरावाला हजर. पगार नाही तर सराव कशाला, असं एकीनंही विचारलं नाही. मामा म्हणायचे, मी असतो तर बूट उशाला घेऊन झोपलो असतो.

शेवटी सेक्रेटरींनी मैदानच पंधरा दिवस जुन्या गाड्यांच्या विक्रीला भाड्यानं दिलं. गोलचे खांब उचलून भिंतीला लावले, आणि गाड्यांच्या चाकांनी मामांची फक्की पार पुसून टाकली. मामांना तर स्वतःच्या पाठीवरून गाडी गेल्यासारखं झालं.

अशात बातमी आली, की गाद्यांच्या कारखान्याच्या मालकीणबाई क्लब विकत घ्यायचं म्हणतायत. रविवारी येऊन एक सामना बघणार. आवडला तर क्लब तगला. नाही आवडला तर महिनाअखेर फाटकाला कुलूप. शेजारच्या गावात नव्यानं निघालेल्या क्लबला दोस्तीच्या सामन्याला बोलावलं, आणि मैदान आखायला मामांकडं उरले दोन दिवस.

कोचबाईंनी मोजायला लांब टेप आणून दिली. मामांनी ती मेलेल्या सापासारखी दोन बोटांत धरून परत केली.

"बाई, माझ्या दोरीनं बावीस वर्षांत अंगठ्याएवढी चूक केलेली नाही. रविवारी रेषा अशा पडतील, की त्या गादीवाल्या बाई नुसत्या रेषाच विकत मागतील!"

ही दोरी सुताची, करंगळीएवढी जाड, अर्ध्या मैदानाएवढी लांब. जागोजागी गाठी, प्रत्येक गाठीला रंगीत चिंधी. लाल चिंधी पेनल्टीची, निळी मधल्या वर्तुळाची. मामांनी शनिवारी दोरी काढली, तर ती पांढरीशुभ्र! क्लबचे कपडे धुवायचं काम मामींकडं. मामींनी सांगितलं, पाहुणे येणार म्हणून तीही धुऊन टाकली. मामा खूश झाले. बरं केलंस म्हणाले, सगळं मैदान त्या दोरीनं आखलं, खांब नेऊन रेषेवर उभे केले, आणि लांब जाऊन कंबरेवर हात ठेवून बघितलं. गोल कधी नव्हे इतके भरदार दिसत होते. मामांना वाटलं, नवा रंग दिलाय म्हणून असेल.

रविवार उजाडला. गादीवाल्या बाई आल्या, मांडीवर वही उघडून बसल्या. शेजारी सेक्रेटरी, अंगात उसना कोट, बाह्या बोटांवर येणाऱ्या.

शिट्टी झाली. गोलकीपरनं आपली नेहमीची लांब लाथ मारली. सहा वर्षं त्या लाथेचा बॉल पलीकडच्या पोरीच्या पायात जाऊन बसतो, मांजर मांडीवर बसावं तसा. आज तो तिच्या डोक्यावरून गेला, रेषा ओलांडली, आणि चहावाल्याच्या कपांत जाऊन पडला. चुकली बिचारी, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. मग कॅप्टनचा पास बाहेर. मग कॉर्नरवरून मारलेला बॉल सगळ्यांच्या वरून जाऊन पलीकडं बाहेर. कुठूनही मारा, बॉल बाहेर!

आणि गंमत बघा, पाहुण्या पोरी छान खेळत होत्या. त्यांनी हे मैदान कधी पाहिलेलंच नव्हतं, त्या डोळ्यांनी बघून खेळत होत्या. आपल्या पोरी खेळत होत्या पायांच्या सवयीनं. माणूस स्वतःच्या घरात डोळे मिटून चालतो, आणि कुणी कपाट सरकवून ठेवलेलं असतं, तसं त्यांचं झालं. अर्ध्या तासात दोन गोल अंगावर.

कोचबाईंना वाटलं, पगार नाही म्हणून पोरींनी मुद्दाम आजचा मुहूर्त साधला. सेक्रेटरींनाही तेच वाटलं. सावरायला म्हणून ते गादीवाल्या बाईंना म्हणाले, पोरी उपाशी असतील हो. मग आपण काय बोललो हे ध्यानात आलं, तसं घाईनं म्हणाले, नाही नाही, जास्त जेवल्यात, त्यामुळं जोर आवरत नाहीये. बाईंनी दोन्ही गोष्टी वहीत लिहून घेतल्या.

बॉल पुन्हा बाहेर गेला तो मामांच्या पायाशी. घ्यायला कॅप्टन आली. घामानं निथळत होती, पण आवाज शांत.

"मामा, मैदान लहान झालंय."

"पोरी, मैदान काय गाजर आहे, वाळून लहान व्हायला?"

"गोलच्या चौकटीपासून मधल्या रेषेपर्यंत मला चौतीस पावलं लागतात. आज एकतीस लागली."

एवढं बोलून ती पळाली. मामा हसायला गेले, पण न हसताच तडक कपडे धुवायच्या खोलीत गेले आणि मामींना विचारलं, दोरी धुतलीस ती कशी धुतलीस?

"कशी म्हणजे? उकळत्या पाण्यात, मोज्यांबरोबर. मग वाळवायच्या यंत्रात टाकली. अहो, आता चांगली घट्ट झालीय. आधी किती लोंबायची!"

मामा मोज्यांच्या ढिगावर बसले. मैदान, चौकट, वर्तुळ, सगळं सारखंच आखडलं होतं, त्यामुळं डोळ्याला काही कळलं नाही. लोखंडी गोल तेवढे होते तसे राहिले होते. भरदार!

आता काय करायचं? सांगावं, तर रेफरी सामना थांबवणार आणि बाई उठून जाणार. गप्प बसावं, तर पोरींनी मुद्दाम घाण केली असं होणार, आणि क्लबही जाणार. मामांना गप्प बसायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण मध्यंतरात ते पोरींच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले, तेव्हा आत कोचबाई एकेकीला विचारत होत्या, की माझ्याशी असं का वागलात. आणि पोरी माना खाली घालून बसल्या होत्या.

"त्यांना काही बोलू नका," मामा म्हणाले. "चूक माझी आहे. माझी दोरी आटली. मी वर जाऊन बाईंना सांगतो."

कोचबाईंचा चेहरा विटेसारखा लाल झाला. पण कॅप्टन उठली.

"सामना थांबला तर त्या घरी जातील, मामा. नंतर सांगा. आधी किती आटलीय ते सांगा."

मामींनी मामांच्या पाठीमागून हिशोब सांगितला, चौतीसाची एकतीस झाली, म्हणजे अकरा पावलांमागं एक.

"ऐकलं ना?" कॅप्टन बाकीच्यांना म्हणाली. "अकरात एक कमी. चला, मोजून घेऊ."

अकराच्या अकरा जणी बाहेर आल्या आणि रिकाम्या मैदानावर नुसत्या चालत सुटल्या. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. ओठ हलतायत, काहींचे डोळे मिटलेले. लोकांना वाटलं प्रार्थना चाललीय. पाच मिनिटं. मग शिट्टी झाली.

आता कसं सांगू तुम्हाला? मामांनी बावीस वर्षांत सामना असा बघितलाच नव्हता. त्यांचा जीव कायम रेषेत, कोण पुसतंय, कुठं फिकी झालीय. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी पाय बघितले. गोलकीपरनं लाथ मारली, बॉल गेला आणि पलीकडच्या पोरीच्या पायात अलगद बसला. तिनं तो कॅप्टनला दिला, कॅप्टननं न बघता पुढं. शिवणयंत्राची सुई चालावी तसा बॉल चालला होता, टाका सुटत नाही की दोरा तुटत नाही. सहा वर्षांची सवय या पोरींनी पाच मिनिटांत उसवली होती आणि नवी शिवून अंगात घातली होती. एक गोल झाला. दुसरा झाला. बॉल रेषेपर्यंत जायचा, फक्कीचा वास घेतल्यासारखा थांबायचा आणि परत फिरायचा. मामा टाळ्या वाजवायचे विसरले. मामी ओला मोजा छातीशी धरून उभ्या. पाहुण्या पोरीसुद्धा मध्येच एकमेकींकडं बघायला लागल्या.

जिंकल्या नाहीत हं. दोन-दोन. शेवटची लाथ खांबाला लागली.

गादीवाल्या बाई खाली आल्या आणि नेमक्या मामांपाशी थांबल्या. मधल्या वेळात या पोरींनी काय केलं, म्हणून विचारलं. सेक्रेटरी मागून कोपरानं मामांच्या बरगड्या मोजत होते. तरी मामांनी सगळं सांगितलं, मोज्यांसकट.

बाईंनी वही मिटली.

"माझ्या कारखान्यात गादीचं माप दोन इंचांनी बदललं, तर माणसं नव्या मापावर यायला आठ दिवस जातात. यांना किती वेळ लागला?"

"पाच मिनिटं."

बाईंनी मैदानाकडं बघितलं. पोरी गवतावर पाय पसरून बूट सोडत बसल्या होत्या. मग सेक्रेटरींना म्हणाल्या, "मी क्लब घेते. पण हे असलं बघायला आज किती माणसं होती? मी मोजली, एक्केचाळीस. रिकाम्या खुर्च्यांसाठी या पोरींना पळवायची माझी तयारी नाही. पुढच्या रविवारी हजार माणसं दाखवा. तिकीट काढून आलेली."

सेक्रेटरी जवळच्या बादलीवर मटकन बसले. पाणी होतं तिच्यात.

तर तो पुढचा रविवार म्हणजे हा परवाचा. मैदान टेपनं पुन्हा आखून झालंय, एक टोक मामांच्या हातात, दुसरं मामींच्या. आणि मामा तर आठवडाभर दारोदार फिरतायत. भेटेल त्याला त्या पोरींचे पाय वर्णन करून सांगतात, आणि सांगता सांगता समोरच्याच्या हातात एक पास कोंबतात. फुकटचा पास! असे सहाशे पास वाटून झाल्यावर कोचबाईंच्या ध्यानात आलं.

म्हणून हात जोडून सांगतो. तुमच्या खिशात मामांचा पास असेल, तर आत्ताच्या आत्ता फाडून टाका, आणि रविवारी खिडकीवर तिकीट काढून या.