यादोराव काकांची सात वाजताची फेरी

आमच्या बगिच्यात कुरडूच्या फुलांजवळ थांबायचं असेल, तर आधी मागून घंटी वाजावी लागते. घंटी सायकलची आहे, पण सायकल कुठेच नाही. यादोराव काका ती खिशात घेऊन फिरतात. एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं.

काका तीस वर्षं बसचे कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी अड्याळच्या या बगिच्याच्या मागच्या पडीक भागातून एक पायवाट पाडली. पावसाळ्याच्या शेवटी तिच्या दोन्ही बाजूंना रानफुलं येतात. तरोटा, तेरडा, केना, कुरडू. लावलेलं एकही नाही. काका रोज सकाळी सातला या वाटेवर 'गाडी' काढतात. प्रवासी असो वा नसो.

मी अड्याळला मामाकडे राहून बी.एस्सी. करते. वनस्पतिशास्त्राच्या प्रकल्पासाठी रानफुलांची यादी हवी होती, म्हणून मी तिथे गेले. काकांनी विचारलं, "कोण तू?" मी नाव सांगितलं.

"नाव नाही, गाव सांग. नाव सांगून कोणी कुठं उतरते काय?"

माझं गाव सानगडी, म्हणून तेव्हापासून मी 'सानगडी' आहे.

"चल सानगडी, पुढं सरक. मागं केना हाय, त्याले जागा दे." मी वाकून पाकळ्या मोजू लागले की, "हात बाहेर काढू नको." वाटेच्या मधोमध एखादं रोप उगवलं, तर सगळ्यांनी त्याला वळसा घालायचा. "त्यानं हात दाखवला न! हात दाखवला का थांबाच लागते."

एकदा एका आजोबांनी देवासाठी तेरड्याची फुलं तोडली. काका म्हणाले, "तुम्ही इथंच उतरा."

"अरे, मी पायी चालून राहिलो. उतरू कुठून?"

"ते मले नाही मालूम. उतरा."

आजोबा बडबडत फाटकाबाहेर गेले.

गणपतीनंतर ग्रामपंचायतीनं हा भाग साफ करून जमिनीवर सिमेंटचे गट्टू बसवायचं ठरवलं. सरपंचताई काकांना म्हणाल्या, "काका, तिथून चालते कोण? नुसतं गवत हाय ते."

प्रवासी नसले की फेरी बंद होते, हे काकांपेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? ते म्हणाले, "रविवारी सातले या. माणसं दाखवतो." मग माझ्याकडे वळले. "सानगडी, तुह्या वर्गातले किती येतील?"

"दहा," मी म्हणाले. का म्हणाले, ते मला अजून कळलेलं नाही.

वर्गात मी मागच्या बाकावर बसते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. विचारलं आणि सगळे हसले तर, असं रोज वाटायचं. शनिवार उजाडला तरी मी कोणालाच विचारलं नव्हतं.

रविवारी सातला फाटकाशी आम्ही तिघंच. काका, सरपंचताई आणि मी. काकांनी खाकी शर्टाला इस्त्री केली होती. सव्वासात झाले. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "कुठं हायेत तुझे दहा जण?"

मी फाटकाबाहेर रस्त्याकडे पाहिलं.

"तिची चूक नाही," काका म्हणाले. "मीच पोरीले टाइम चुकीचा सांगतला."

"तुम्ही? आन् टाइम चुकीचा?" ताई हसल्या. "बरं, आणखी एक रविवार थांबते. आता तरी बरोबर सांगा."

त्या गेल्यावर मी म्हणाले, "काका, मी कोणालेच विचारलं नाही."

"मालूम हाय."

"कसं काय?"

काका तरोट्याच्या पिवळ्या फुलांकडे पाहत राहिले. "माहा पोरगा पुण्याले हाय. दिवाळीले ये म्हणून मीबी तीन वर्सं झाले, विचारलं नाही. नाही म्हटलं त?"

मी मोबाइल काढला आणि वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं, 'येत्या रविवारी सकाळी सातला अड्याळच्या बगिच्यात रानफुलं पाहायला याल का? तुम्ही आलात तर मला बरं वाटेल.' आणि पाठवून दिलं.

काकांनी मोबाइल मागितला. चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"असंच लिहाचं असते काय?" त्यांनी हळूच विचारलं.