शिडावरची मोटार

गॅब्रियलने एकदा एखादी गोष्ट मनावर घेतली, की आजूबाजूच्या माणसांची धडगत नसे. या खेपेला त्याने पेट्रोल मनावर घेतलं होतं.

लढाई ऐन भरात होती, पेट्रोल रेशनवर मिळत होतं, आणि उत्तनला त्याच्या दारात उभी होती एक लालभडक स्पोर्ट्स मोटार. दोनच माणसं बसतील एवढी. मुंबईला ज्या गॅरेजात तो फिटर होता, तिथल्या एका गोऱ्या साहेबाला लढाईवर जायची घाई झाली आणि जाताजाता त्याने ती गॅब्रियलच्या गळ्यात घातली. दिसायला अशी देखणी, की बघणाऱ्याने मासळीची टोपली डोक्यावरून उतरवून बघत राहावं. पण पिण्यात लग्नघरचे पाहुणे तिच्यापुढे फिके. महिन्याचं पेट्रोल तिने चार दिवसांत संपवलं. त्यातले तीन दिवस गॅब्रियल उगीचच तारोडीच्या रस्त्याने फेऱ्या मारत होता, कारण त्या रस्त्यावर कॉनीचं घर होतं.

कॉनीचा बाप रॉक, होडीचा तांडेल. दर्यावर वादळाला न घाबरणारा आणि जमिनीवर फक्त आपल्या थोरल्या बहिणीला घाबरणारा. गॅब्रियल मागणी घालायला गेला तेव्हा रॉक जाळं विणत बसला होता. त्याने मान वरही केली नाही.

"मोटारवाला झालास म्हंतात."

"हो, रॉककाका."

"मंग आयक. होड्यांच्या आशीर्वादाला माझी भैन गर्ट्रूड भायंदर टेसनाव उतरंल. तिला तुझ्या मोटारीतनं इथं आन, आन् सण झाला का परत पोचव. बैल लावायचं न्हाय. जमलं तं कॉनी तुझी. न्हाय जमलं तं पुन्यांदा माझ्या अंगनात दिसू नको."

"जमलंच म्हणून समजा," गॅब्रियल म्हणाला. "आणि परत आल्यावर टाकी उघडून दाखवतो. आज आहे त्याहून थेंबभर कमी निघाली, तर नाव बदलीन."

हे बोलताना टाकीचा तळ जेमतेम ओला होता. पण गॅब्रियलला कॉनी दाराआडून बघताना दिसली होती, आणि अशा वेळी माणसाचं तोंड त्याच्या ताब्यात राहत नाही.

घरी येताच त्याने बाह्या सरसावल्या. कार्बुरेटरचं पेट्रोल सोडणारं भोक झाळ लावून बारीक केलं. टायरांत एवढी हवा भरली की बोट मारलं तर ढोलासारखे वाजावेत. ब्रेक चाकांना घासून गाडीची ताकद खातात असा त्याला संशय आला, म्हणून ते सैल केले. मग वजन. मडगार्ड काढले, टप काढला, दारं काढली, जादा चाक, बंपर, दिवे, सगळं काढलं. शेवटी चार चाकांवर एक इंजिन आणि दोन खुर्च्या उरल्या.

राहिली चालवायची पद्धत. त्याने इंजिन बंद ठेवूनच पेडलखाली सुका बोंबील घालून सराव सुरू केला. बोंबील मोडला, तर पाय जड पडला. पहिल्या दिवशी अर्धी पाटी बोंबलांचा भुगा झाला आणि आईने त्याची चटणी केली. आठवड्याने मात्र बोंबील अख्खा राहू लागला, आणि गॅब्रियलला आनंदाने झोप येईना.

त्या जागरणातच त्याला ती कल्पना सुचली. पहाटे उठून तो थेट राईला परशुरामाकडे गेला. परशुराम बैलगाडीवाला, त्याचा शाळेपासूनचा दोस्त.

"परशा, सकाळी वारा कुठून वाहतो?"

"जमिनीवरनं दर्याकडं. मतलई."

"आणि दुपारी?"

"दर्यावरनं जमिनीकडं. खारा. तुला ठावं न्हाय काय, कोल्याचा पोर तू?"

"म्हणजे सकाळी भाईंदरहून तारोडीला येताना वारा पाठीत, आणि दुपारी परत जाताना पुन्हा पाठीत. परशा, देवाने हा वारा मोटारीसाठीच केलाय."

परशुरामाने बैलाच्या गळ्यातला दोर सोडवत त्याच्याकडे पाहिलं. "गॅब्या, तू मोटारीला शीड लावनार?"

गॅब्रियल नुसता हसला. शिडाची व्यवस्था त्याने कॉनीकडे सोपवली. "तुमच्या खोपटात जुनं शीड पडलंय, तेवढं गुपचूप दे," असं त्याने सांगितलं होतं. पण जुन्याला भोकं होती आणि कॉनीला हे लग्न मनापासून हवं होतं. तिने बापाचं नवंकोरं शीड दिलं.

सणाच्या सकाळी गॅब्रियल बोंबील न मोडता भाईंदरला पोचला. मागून परशुरामाची बैलगाडी आली, तिच्यात मोटारीची दारं, मडगार्ड आणि बाकीचं सामान. तारोडीच्या अलीकडे थांबून सगळं पुन्हा जोडायचं आणि ऐटीत दारात जायचं, असा बेत होता.

गर्ट्रूडबाय आगगाडीतून उतरल्या. अंगाने भरदार, आवाजाने त्याहून भरदार. त्यांनी मोटारीभोवती एक फेरी मारली.

"हिला चोरांनी गाठलेलं काय रं?"

"हलकी केलीय, बाय. तुमची पेटी बैलगाडीत टाका."

"आन् मना?"

"तुम्ही पुढे बसा," गॅब्रियल म्हणाला. वजनाचा सगळा हिशेब तिथेच कोसळला.

मिठागरांच्या रस्त्यावर येताच त्याने इंजिन बंद केलं, बांबूची डोलकाठी उभी केली आणि शीड सोडलं. मतलई वाऱ्याने ते भरलं. मोटार एकदा कण्हली आणि चालू लागली. आवाज नाही, धूर नाही. बांधावरचे मिठागरातले लोक फावडी टाकून बघत राहिले. गॅब्रियलच्या छातीत अभिमान मावेना.

गर्ट्रूडबायनी त्याच्या हातातली दोरी ओढून घेतली. "अशी धरतात व्हय? तू चाक सांभाल." लग्न होऊन गेल्यापासून त्यांच्या हाताला शिडाची दोरी लागली नव्हती. त्यांनी पदर खोचला, दोरी अशी ताणली की मोटारीने उडीच घेतली, आणि राई कधी मागे पडली ते कळलंसुद्धा नाही. परशुरामाची बैलगाडी आणि तिच्यातली अर्धी मोटार तर केव्हाच दिसेनाशी झाली होती.

"बाय, जरा सैल सोडा. पुढे डोंगरीचा उतार आहे."

"मंग तं मजाच हाय," बाय म्हणाल्या.

उतारावर गॅब्रियलने ब्रेकवर पाय दिला. पाय थेट खाली गेला. पेट्रोल वाचवायला ब्रेक आपणच सैल केलेत, हे त्याला तेव्हा आठवलं.

मोटार उत्तनच्या बाजारातून गेली. सुकत घातलेल्या मासळीतून गेली. तारोडीला रॉकच्या अंगणावरून गेली, तिथे कॉनीने हात हलवला, गॅब्रियलला तेवढीही सवड मिळाली नाही. रस्ता संपला आणि किनारा लागला.

किनाऱ्यावर सगळ्या होड्या पताका लावून रांगेत उभ्या होत्या. फादर एकेकीवर पवित्र पाणी शिंपडत येत होते. एकच होडी उघडीबोडकी होती, आणि तिच्याशेजारी रॉक "माझं शीड कोनी नेलं?" असं विचारत लाल होऊन उभा होता. नेमकी त्या होडीच्या बाजूला मोटार वाळूत रुतून थांबली. वर नवंकोरं शीड फडफडत होतं.

फादरना चष्म्याशिवाय लांबचं नीट दिसत नसे. त्यांनी शीड पाहिलं, पाणी शिंपडलं, क्रूस केला आणि पुढे सरकले.

तारोडीत आशीर्वाद झालेली होडी त्याच दिवशी पाण्यात उतरते. मोटारीला कोणी उतरवलं नाही. भरती आली आणि तिने स्वतःच ते काम केलं.

संध्याकाळी परशुरामाच्या बैलांनी मोटार बाहेर ओढून रॉकच्या अंगणात आणली. रॉक कमरेवर हात ठेवून उभा होता. "टाकी दाखवनार हुतास ना? दाखव."

गॅब्रियलने झाकण उघडलं. टाकी काठोकाठ भरली होती. तिच्यातून एक छोटी कोळंबी बाहेर डोकावली.

रॉकने अंगणाबाहेरची वाट दाखवली. गॅब्रियल मान खाली घालून निघाला, एवढा रडवेला तो आयुष्यात कधी झाला नव्हता. पण गर्ट्रूडबाय मध्ये उभ्या राहिल्या. "मी परत जाईन तं याच मोटारीतनं. तोवर इथंच ऱ्हाईन."

त्या राहिल्या. रोज रॉकचं जाळं चुकीचं विणलंय म्हणून उसवून दाखवत राहिल्या. त्याची ताडी बंद झाली. महिनाभराने एका सकाळी रॉक स्वतः गॅब्रियलच्या अंगणात उभा होता.

"कॉनी ने," तो हात जोडून म्हणाला. "पन तिला पोचव. बैल लाव, हत्ती लाव, मना चालंल."

लग्न दणक्यात झालं. दुसऱ्या दिवशी मोटार भाईंदरला निघाली. गर्ट्रूडबाय चाकामागे बसून हॉर्न वाजवत होत्या, मोटारीला मागे बांधलेल्या बैलगाडीत नवरानवरी, आणि मोटारीपुढे परशुरामाची बैलजोडी.

"बघ परशा," स्टेशनावर गॅब्रियल अभिमानाने म्हणाला, "येताजाता एक थेंब पेट्रोल लागलं नाही."

परशुराम बैलांपुढची रिकामी पाटी उलटी करून झटकत होता.

"व्हय," तो म्हणाला, "पन पेंड लय खाते तुझी मोटार."