बेरजेत एक जास्त

भरमाप्पांना कुणी रामराम घातला, की उलट रामराम घालायच्या आधी ते विचारायचे, "जन्मली किती, राहिली किती?"

बेळगावच्या कचेरीत खानेसुमारीच्या कामावर ते थोरले कारकून होते, मी त्यांच्या हाताखाली. त्या खेपेस लग्न झालेल्या प्रत्येक बाईला किती मुलं झाली, हे चिठ्ठीवर लिहायचं होतं. त्यावरून कुठल्या गावात पाळणा किती हलतो, याचा अंदाज आप्पा बांधत. "उचगाव लई पुढं हाय. सांबरेकर काय तरी लपवत्यात," असं म्हणून ते सांबऱ्याला जात आणि दारोदारी दोरीवर वाळणारी दुपटी मोजत.

लोक लपवतच. दृष्ट लागू नये म्हणून एक पोर कमी सांगत. "आकड्याला दृष्ट लागती व्हय रं?" आप्पा चिडायचे. बारशाआधी गेलेलं मूल तर कुणी धरतच नसे. एका म्हातारीनं त्यांना सुनावलं, "ज्याला नाव न्हाय, ते कसलं मोजायचं? तुझ्या घरात एक न्हाय, आन् दुसऱ्यांची मोजत फिरतोयस."

"नाव नसंना आक्का. आलतं का न्हाय, तेवढं सांग."

अनगोळची घरं माझ्याकडं होती. आप्पांचं घर त्यातलंच. त्यांना मूल नाही हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून उंबरासुद्धा न चढता मी शून्य लिहिलं.

पुढं अनगोळची बेरीज आप्पांनी केली आणि मी तपासली. चिठ्ठ्यांवरच्या मुलांपेक्षा एक जास्त. आप्पांची चूक सापडल्याचा मला आनंद झाला, हे कबूल केलं पाहिजे. सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं मी विचारलं, "आप्पा, हे एक कुठनं आणलं?"

"असंल रं चुकून."

मी तो आकडा लाल शाईनं खोडला. कागद वर गेले.

वर्षभरानं माझ्या तिसऱ्या मुलीच्या बारशाच्या घुगऱ्या घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. आप्पांच्या पत्नीनं त्या ताटात ओतून घेतल्या. "आमची अकराव्या दिशी गेली," त्या म्हणाल्या. "बारशाला एकच दीस कमी पडला बघा."

आप्पा शेजारी सुपारी कातरत होते. मी म्हणालो, "आप्पा, बेरीज तुमची बरोबर होती."

"कागद गेलं रं आता." अडकित्ता चालूच होता. मग त्यांनी नेहमीचंच विचारलं, "तुझी जन्मली किती, राहिली किती?"

"तीन. तीन."

अडकित्ता थांबला.

"दुसऱ्या कुणी विचारलं तर दोनच सांग," आप्पा म्हणाले.