एका तक्रारीमागे तीन कौतुकं

ही हकिगत कुणी खरी मानणार नाही, हे अल्विन हॅगन आधीच सांगून टाकायचा. रविवारची प्रार्थना उरकली की चर्चच्या तळघरात कॉफी असायची आणि तिथं त्याची बैठक जमायची. "तीस वर्षं शाळेची बस चालवली मी," तो म्हणायचा, "खोटं बोलायला वेळ कुठं मिळाला?" मग लोक खुर्च्या जवळ ओढायचे, कारण वेळ त्याला भरपूर मिळाला होता हे मिनेसोटातल्या त्या अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

तर व्हर्ना टॉलेफसन. चौथीला शिकवायची. गेल्या मार्चमध्ये तिच्या वर्गात सोरेन ग्रिंडाल नावाचा गोड पोरगा होता आणि त्याला वाचता येत नव्हतं. अजिबात. पुस्तक उलटं हातात दिलं तरी तो त्याच्याकडे तितक्याच आदरानं बघायचा. उपाय होता, शाळेचा उन्हाळी वाचनवर्ग. पण त्यासाठी पालकांची सही हवी आणि तीही शुक्रवारपर्यंत. नाहीतर पोरगा कोराच्या कोरा पाचवीत जाणार, तिथून पुढं ढकलला जाणार, आणि मग कुणी त्याच्यासाठी थांबणार नाही. व्हर्नाचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं.

सोमवारी तिनं शाळेच्या संगणकावर पालकांना एका ओळीचं पत्र लिहिलं. सोरेनला वाचता येत नाही, कृपया सही करा. संगणकानं ओळ लाल केली आणि विचारलं, यातली आनंदाची बाजू कोणती?

ती मुख्याध्यापक प्रीबे यांच्याकडे गेली. प्रीबे 'पालकांशी प्रभावी संवाद' या विषयावरचं तीन दिवसांचं शिबिर करून नुकतेच परतले होते आणि अजून हसत होते.

"नवा नियम आहे, बाई. एका तक्रारीमागे तीन कौतुकं. कौतुकं आधी. आणि 'नाही' हा शब्द बंद."

"नाही कसा बंद, सर?"

"बघा, लगेच वापरलात."

"पण त्या पोराला वाचता येत..." व्हर्ना अडखळली. "येण्याचं बाकी आहे."

"सुंदर. अगदी असंच लिहा."

मग पत्र गेलं ते असं: सोरेन दारं हळू लावतो. डबा वाटून खातो. त्याच्या हसण्यानं वर्गाला ऊब येते. पुस्तकांशी त्याचं नातं अजून शांत आहे.

बुधवारी सकाळी सोरेन डबाभर बिस्किटं आणि आईची चिठ्ठी घेऊन आला. चिठ्ठी व्हर्नानंच वाचली, दुसरं कोण वाचणार? 'शांत नातं! आम्ही दोघं रडलो. पत्र फ्रिजवर लावलंय.' पत्रासोबत पाठवलेला सहीचा कागद बिस्किटांखाली तसाच कोरा होता. तुपकट झालेला.

दुपारी तिनं सोरेनच्या आईला फोन लावला. पण नियम म्हणजे नियम, आधी कौतुक.

"मार्लिस, सोरेन फार मनमिळाऊ आहे."

"ड्वेन, ऐकलंस का? मनमिळाऊ म्हणतायत." लांबून, बहुतेक गोठ्यातून, आवाज आला, "हो का."

"वर्गातल्या सशाला तो जपतो."

"ड्वेन, सशाला."

"रांगेत कधी ढकलत..." इथं 'नाही' आडवा आला. "रांगेत तो फार शोभतो."

"पुरे हो बाई, पोराच्या डोक्यात हवा जाईल," असं म्हणून मार्लिसनं फोन ठेवला.

गुरुवारी पालकभेट होती, दहा मिनिटांची. ग्रिंडाल जोडपं भेटीला आलं ते बटाटा आणि खिम्याचं भांडंभर हॉटडिश घेऊन. पहिली सहा मिनिटं बर्फ, रस्ता आणि ड्वेनच्या आईचा खुबा यांत गेली. पुढची तीन कौतुकात. दहाव्याला घंटा झाली.

ड्वेन टोपी हातात फिरवत दारात थांबला. "बाई, इतकं गोड बोलताय. पोराची हुशारी चौथीत वाया जातेय असं तर म्हणायचं नाही ना तुम्हाला?"

"तो विचार," व्हर्ना घाम पुसत म्हणाली, "अजून बराच लांब आहे."

"भिडस्त आहेत बिचाऱ्या," मार्लिस म्हणाली, आणि दोघं तडक प्रीबे यांच्याकडे गेली. प्रीबे यांनी नोंदी काढल्या. अल्विनच्या म्हणण्यानुसार कौतुकं एकेचाळीस भरली आणि तक्रार शून्य. शाळेच्या इतिहासात असं झालं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं की सोरेन पाचवी गाळून थेट सहावीत जाईल, आणि शुक्रवारी दुपारी सगळ्या गावासमोर त्याचा सत्कार होईल.

"आणि मग शुक्रवारी," अल्विननं कप खाली ठेवला, "व्हायचं ते झालं. प्रीबे प्रमाणपत्र द्यायला उठतायत तोच व्हर्ना उडी मारून टेबलावर चढली. माईक हिसकावला आणि ओरडली, पोराला वाचता येत नाही, नाही, नाही. तिसऱ्या 'नाही'ला छपरावरचं बर्फ घसरून वाहनतळावर पडलं, चार गाड्या गाडल्या गेल्या. प्रीबे यांनी नियमांचं पुस्तक फाडून खाल्लं. पानं कोरडी लागली म्हणून वर दूध मागितलं. आणि ड्वेन ग्रिंडालनं ढसाढसा रडत सही..."

"थाप."

सगळ्यांनी मागं पाहिलं. जिन्याशी ड्वेन ग्रिंडाल उभा होता, दोन्ही काखांत घडीच्या खुर्च्या घेऊन.

"टॉलेफसनबाई कशाला टेबलावर चढतील?" तो म्हणाला. "त्या शुक्रवारी सकाळी आमच्या दारात आल्या होत्या. अर्धा तास बर्फाबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या, उन्हाळी वर्गाला एक मूल कमी पडतंय, वर्ग बंद पडेल. सोरेनला पाठवून तेवढे उपकार कराल का?"

"मग?" कुणीतरी विचारलं.

"मग काय. बाई अडचणीत होत्या, सही केली. सहावीचंही त्यांच्यासाठीच लांबणीवर टाकलं." ड्वेननं खुर्च्या भिंतीला टेकवल्या आणि स्वतःला कॉफी ओतली. "हल्ली दिवसभर वाचत बसतो पोरगा. त्याला गरज नव्हतीच म्हणा, पण त्याच्या सोबतीनं बाकीची पोरं सुधारली असतील."