शुक्रवारी सव्वाचारची मुलाखत

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. गरिबीचं मात्र आणता येतं, अशी रूबेन चेऊलकरची खात्री होती. म्हणूनच जुलैमधल्या एका शुक्रवारी दुपारी तीन वाजता तो कॉफी मशीन चादरीत गुंडाळून घराबाहेर निघाला होता.

"कुठे चाललं ते?" त्याच्या बायकोनं, सिप्पोरानं, विचारलं.

"गॅरेजमध्ये. सव्वाचारला फी-सवलतीची मुलाखत आहे झूमवर. पाच पोरांची फी कमी करा म्हणायचं आणि मागे हे धूड चमकतंय. बरं दिसतं का?"

"तुझ्या भावानं दिलंय ते. आपण कुठे विकत घेतलंय?"

"ते कॅमेऱ्याला कसं कळणार?"

गॅरेज घरामागच्या गल्लीत होतं आणि त्याची किल्ली रूबेनकडेच असे. मशीन तिथं पोचलं.

चेऊलकर मंडळी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. ठाण्याहून मेलबर्नला येऊन पंधरा वर्षं झाली होती. घरात मराठी, प्रार्थना हिब्रूत, आणि मुलांची भांडणं इंग्रजीत. चेऊलकर कुणालाच म्हणता येत नाही म्हणून कागदोपत्री ते सॉलोमन झाले होते. सरकारी शाळा फुकट होती आणि चालत दहा मिनिटांवर होती. पण तिथं ना हिब्रू, ना धर्माच्या नियमानं केलेलं कोशर जेवण, ना सणांच्या सुट्ट्या. कर्मठ घरातली पोरं ज्यू शाळेतच जायची, यावर तिथं कुणी प्रश्नच विचारत नसे. आणि पाचांची मिळून फी घराच्या हप्त्याहून जास्त होती. रूबेन विमानतळावर प्रवाशांची ने-आण करणारी स्वतःची व्हॅन चालवायचा. कोरोनामुळे मार्चपासून विमानं जमिनीवर होती आणि रूबेन घरात. बुधवारी शाळेची सवलत समिती बसणार होती. सवलत मिळाली नाही तर पुढच्या टर्मला निदान दोन मुलांना शाळेतून काढावं लागणार होतं.

मुलाखतीची वेळ मात्र चमत्कारिक होती. शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो, मेलबर्नच्या जुलैतल्या हिवाळ्यात सव्वापाचच्या सुमारास, आणि मग शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत कुठलंही बटण दाबायचं नाही. ज्यू शाळेनं शुक्रवारी संध्याकाळची वेळ द्यावी, म्हणजे शाळेच्या फी ऑफिसात कुणीतरी नवीन आलं होतं.

"वीस मिनिटांचं काम आहे," रूबेन म्हणाला. "दिवे लावायची वेळ पाच वाजून दोन मिनिटांची. आरामात होईल."

कोऱ्या भिंतीसमोर बसायचा त्याचा बेत होता. पण लॅपटॉपची बॅटरी मेलेली, वायर आखूड, आणि प्लग जेवणाच्या टेबलापाशी. टेबल तर शब्बाथसाठी मांडून झालेलं. पांढरंशुभ्र कापड, दोन चांदीचे दिवे, चांदीचा प्याला, काचेची भांडी. आठवड्यातल्या सहा दिवसांत कसंही असणारं घर शुक्रवारी संध्याकाळी जहागीरदाराचं दिसतं, आणि नेमकं तेच कॅमेऱ्यासमोर होतं.

"हे सगळं काढ ना तासभर."

"शब्बाथचं टेबल मी काढणार नाही," सिप्पोरा म्हणाली. विषय तिथं संपला.

रूबेननं इअरफोन कानात घातले. पलीकडून चेहरा दिसत नव्हता, नुसती 'फी ऑफिस' अशी पाटी होती. आवाज तरुण होता आणि पक्का ऑस्ट्रेलियन. "Camera's off, mate, the internet's shocking today." मग उत्पन्न, हप्ता, वीजबिल असं एकेक सुरू झालं. चौदावा प्रश्न वाहनाचा होता. रूबेननं फॉर्मवर लिहिलं होतं तेच सांगितलं: एक छोटी गाडी, एक व्हॅन, दोन्ही स्वतःच्या. पाचला दहा मिनिटं असताना आवाज म्हणाला, "Two ticks, I'll just pull up last year's file."

त्या दोन क्षणांची बारा मिनिटं झाली. रूबेननं इअरफोन काढून टेबलावर ठेवले. सिप्पोरानं बरोबर पाच वाजून दोन मिनिटांनी दिवे लावले, डोळे झाकून प्रार्थना म्हटली, आणि तिचा शब्बाथ सुरू झाला.

"बंद कर ते."

"पुरुषांना सूर्यास्तापर्यंत वेळ असतो. मला अजून अठरा मिनिटं आहेत. मध्येच बंद केलं तर मुलाखत अर्धवट राहील आणि सवलत गेली म्हणून समज."

सतराव्या मिनिटालाही फाइल आली नव्हती. अठराव्या मिनिटाला सूर्य गेला. लॅपटॉप उघडाच राहिला, कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागलेला.

एरवी शेजारच्या अंजूला, ती ज्यू नाही म्हणून, नुसतं म्हणायचं, "आमच्याकडे आज फार उजेड झालाय." ती समजून येऊन बटण दाबून जायची. पण लॉकडाउनमध्ये अंजू कुणाच्या घरात पाऊल टाकू शकत नव्हती. वर टॉवेल टाकू का, असं रूबेननं विचारलं. ते चालतं की नाही, हे रब्बींना विचारायला हवं होतं, आणि रब्बींना विचारायला फोन लागला असता.

"आता नीट वागायचं," रूबेन मुलांना हळूच म्हणाला. "गोरा बघतोय. मराठी त्याला कळत नाही, पण डोळे आहेत. कालवण दुसऱ्यांदा मागू नका. आणि जरा पडलेल्या चेहऱ्यानं जेवा."

"शब्बाथला पडलेला चेहरा?" सिप्पोरा म्हणाली. "माझ्या घरात? गा रे सगळे."

सगळे गायले. पाच मुलं स्वच्छ कपड्यांत, मोठ्या आवाजात, चांदीच्या उजेडात. रूबेननं लाल पेयानं भरलेला प्याला उचलला तेव्हा त्याला स्वतःलाच आपण श्रीमंत वाटलो.

"संपलं. वाइन पितोय म्हणून लिहून घेतलं असेल त्यानं."

"बेदाण्यांचं सरबत आहे ते. कोंबडी समाजानं वाटलेल्या मदतीच्या खोक्यातून आली. कालवणातली माशांची डोकी दोन डॉलरची, गोरे टाकून देतात ती. बडा घर पोकळ वासा, दुसरं काय?"

एवढ्यात सहा वर्षांची लेआ कान टेबलाला लावून म्हणाली, "अब्बा, the earphones are talking."

"बोलू दे. हात लावू नकोस."

"They're talking Marathi."

"लेआ, गप्प जेव."

मोठी अविगाईल चौदा वर्षांची. तिनं काटा खाली ठेवला. "अब्बा, मी state schoolला जाते ना. Seriously, no worries. बाकीच्यांचं तरी होईल."

गेले चार महिने धीरानं वागणाऱ्या रूबेननं हातातला घास ताटात परत ठेवला.

"तू कुठंही जाणार नाहीस. मागच्या टर्मची फी भरलीय मी. व्हॅन विकून."

"व्हॅन?" सिप्पोरा म्हणाली. "कधी?"

"मेमध्ये."

"गॅरेजमध्ये आहे म्हणालास."

"गॅरेजमध्ये कॉफी मशीन आहे."

"आणि फॉर्मवर?"

"फॉर्मवर व्हॅन आहे. विकली असं लिहायला हात झाला नाही गं. धंदा गेला असं लिहून द्यायचं म्हणजे..."

सिप्पोरा त्याच्याकडे वळली. "धन्य आहे. मशीन लपवायला हात होतो, मुलांना पडलेले चेहरे शिकवायला होतो, आणि खरं तेवढं लिहायला होत नाही. गरिबीचं सोंग करतोस ते गरिबी झाकायला?" मग तिनं त्याच्या ताटात कालवण वाढलं, सगळ्यात मोठं डोकं त्यालाच. "जेव आता. मला आधी सांगितलं असतंस तर माझ्या बांगड्या विकल्या असत्या. व्हॅन राहिली असती."

जेवण झालं, आभाराची प्रार्थना झाली, आणि थोड्या वेळानं लॅपटॉपचा पडदा आपोआप काळा झाला.

शनिवारी रात्री तीन तारे दिसताच रूबेन लॅपटॉपवर झेपावला. फी ऑफिसचं पत्र आलेलं होतं. पहिली ओळ वाचून तो खुर्चीत बसला. पत्र मराठीत होतं. सिप्पोरानं ते त्याच्या हातून ओढून मोठ्यानं वाचलं.

"नमस्कार. फाइल शोधायला उशीर झाला, माफ करा. मी इथं नवीन आहे, शुक्रवारचा नियम मला आज सहकाऱ्यांच्या बोलण्यातून नव्हे, तुमच्या बोलण्यातून कळला. मी दोनदा हाक मारली, कुणी ऐकलं नाही. मीटिंग बंद करायचं बटण माझ्याकडे होतं. मी ते लगेच दाबायला हवं होतं. दाबलं नाही, कारण मी क्लेटनला एकटा राहतो आणि चार महिन्यांत माझ्यासमोर मराठीत कुणी जेवलं नव्हतं. मीही माझं ताट घेऊन बसलो. हे चुकलंच. तुम्हाला तक्रार करायची असेल तर पत्ता खाली दिला आहे.

"चौदाव्या प्रश्नाचं उत्तर दुरुस्त करून विक्रीची पावती जोडा. तो एक आकडा बदलला की तुम्ही पूर्ण सवलतीच्या नियमात बसता. बुधवारी मी स्वतः मांडतो, पाचही मुलांसाठी. प्रल्हाद.

"ता. क. कालवणात चिंच की कोकम? आणि कॉफी मशीन घरात आणा, गॅरेजच्या थंडीत बिघडेल."

चित्र रंगवत बसलेल्या लेआनं मान वर केली नाही. "I told you they were talking Marathi."

"कोकम म्हणून कळव त्याला," सिप्पोरा म्हणाली. "आणि म्हणावं, लॉकडाउन संपला की इथं येऊन खा. चोरून नको."

रूबेननं फॉर्म उघडला. चौदाव्या प्रश्नापुढची व्हॅन खोडली आणि 'विकली' असं लिहिलं. या वेळी हात झाला. मग थोडा विचार करून त्यानं, कुणी विचारलं नसताना, खाली आणखी एक ओळ लिहिली: कॉफी मशीन, एक, चालू स्थितीत.