कमलमायचं काळं रान

आमच्या कळसाडीचे भिवसन आप्पा रोज दुपारी म्युझियमला जातात. म्हणजे घरातल्याच टीव्हीसमोर बसतात. पण बसण्याआधी इस्त्रीची टोपी घालतात, चपला ओट्यावर काढतात आणि पिशवीत पाण्याची बाटली अन् भुईमुगाच्या शेंगा घेतात. "परदेशमा काय भेटी, सांगता येस का?"

त्यांना तिथे नेणारा ड्रायव्हर मी. जगभरच्या म्युझियमांची दालनं माझ्या मोबाइलवर उघडायची, मोबाइल टीव्हीला जोडायचा आणि अंगठ्याने पुढे सरकायचं. मी शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे मला कलेतलं कळतं असा गावाचा गैरसमज आहे. दोन डोंगरांमधून उगवणाऱ्या सूर्याच्या पुढे माझी कला कधी गेली नाही. सहलीबरोबर मुंबईचं म्युझियम पाहिलंय, त्यातला फक्त उपाहारगृहातला वडा लक्षात आहे.

हा सगळा खटाटोप कमलमायसाठी. आप्पांच्या बायकोला काचबिंदू झालाय. गेलेली नजर परत येत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आणि आप्पांनी त्याच दिवशी मोठा टीव्ही आणला. "नजर शे तवर बठं, आख्खं जग दखाडी देसु तिले," म्हणाले.

मायला राजे-राण्यांचं काडीचं कौतुक नव्हतं. ती मेथी निवडत बसायची. एकदा माझा अंगठा घसरला आणि चित्र इतकं मोठं झालं, की जुन्या रंगाला गेलेल्या भेगाच तेवढ्या पडद्यावर राहिल्या. मी ओशाळून चित्र लहान करू लागलो, तर माय ताठ बसली. "ऱ्हाऊ द्या! हाई तं आपलं काळं रान शे, वैशाखनं!"

तेव्हापासून आम्ही जगातल्या थोर चित्रांच्या फक्त भेगा पाहतो. कुठल्याशा परदेशी सरदाराच्या कपाळावर कापूस येईल की तूर, यावर नवरा-बायकोचं भांडण होतं. मी रात्री वाचून पाठ केलेली माहिती मला कोणी विचारत नाही.

पाच वाजले की आप्पा उठतात. "आप्पा, हे कधीच बंद होत नाही," मी एकदा शहाणपणा केला. "तठला वॉचमनले घर नही शे का?" त्यांनी मलाच झापलं.

परवा मी नेहमीप्रमाणे मोबाइल चार्ज करायला विसरलो होतो. भेगा बघता बघता तो बंद पडला आणि टीव्ही काळाठिक्कर झाला. माफी मागायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात माय हसून म्हणाली, "बेस शे आजनं रान. भेगा कश्या साफ दखाई ऱ्हायन्यात!"

मी गार पडलो. आप्पांनी काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. खुर्ची ओढून ते तिच्याजवळ सरकले.

"हां वं. बांधवर आंबा बी शे. दखास ना?"

"दखास ना. कैऱ्या लागेल शेतस."

"भलत्या लागेल शेतस," आप्पा म्हणाले.

मला रडू आवरेना. चार्जर आणतो असं पुटपुटत मी उठलो, तर आप्पांनी मनगट धरून मला खाली बसवलं.

"बसा सर," ते हळूच म्हणाले, "तिन्हं दखनं व्हयनं नही आजून."